ओपनस्टॅक अपग्रेडमध्ये ओएसची आवृत्ती निवडताना मी कुठे अडकले

२०२२ मध्ये एका रात्री मी एका कॉम्प्युट नोडवर डू-रिलीज-अपग्रेड, म्हणजे उबुंटूची आवृत्ती बदलणारी कमांड, चालवलं आणि पुढचे दोन दिवस तो नोड क्लस्टरमध्ये परत आणण्यात गेले. ओपनस्टॅकवर, म्हणजे क्लाउड उभारायच्या सॉफ्टवेअरवर, चालणाऱ्या प्रायव्हेट क्लाउडचं पहिलंच अपग्रेड ज्यांच्या गळ्यात पडलंय त्यांच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून लिहिते आहे. कंट्रोलर क्लाउडचा कारभार बघतो, कॉम्प्युट नोड व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवतो, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

आमचे सगळे नोड उबुंटू २०.०४ वर होते, म्हणजे फोकलवर. ओपनस्टॅकची वॉलाबी ही आवृत्ती, उबुंटू क्लाउड आर्काइव्हमधून, म्हणजे ओपनस्टॅकच्या पॅकेजांच्या वेगळ्या भांडारातून, घेतलेली. २२.०४, म्हणजे जॅमी, त्याच वर्षी आलं होतं. दोन्ही एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट असलेल्या आवृत्त्या. टीममधले एक अनुभवी सर म्हणाले, "एलटीएसवरून एलटीएसवर तर जायचंय, काही होत नाही. आधी ओएस उरकून घे, ओपनस्टॅकचं मग बघू." मला पटलं. पाया आधी, मजले नंतर, असंच कुणालाही वाटेल.

त्या नोडवरची व्हीएम मी आधीच दुसरीकडे हलवली होती, एवढं एक शहाणपण झालं होतं. नोड रीबूट होऊन वर आला, पण सर्व्हिस लिस्टमध्ये नोव्हा-कॉम्प्युट, म्हणजे नोडवर व्हीएम चालवणारी ओपनस्टॅकची सर्व्हिस, डाउन. नेटवर्क तपासलं, सर्व्हिसेसमधले निरोप पोचवणारं रॅबिटएमक्यू तपासलं, कॉन्फिग फाइल ओळ न् ओळ वाचली. पहाटे कधीतरी पॅकेजची आवृत्ती बघायचं सुचलं. बाकीच्या नोडवर नोव्हाचा आकडा २३ ने सुरू होत होता, या नोडवर २५ ने. २३ म्हणजे वॉलाबी, २४ झेना, २५ योगा. ओपनस्टॅकला मी हातसुद्धा लावला नव्हता, आणि तरी या नोडवर ते दोन पायऱ्या पुढे जाऊन बसलं होतं.

हे का झालं ते सावकाश सांगते, कारण बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. डू-रिलीज-अपग्रेड बाहेरचे रेपो, म्हणजे पॅकेजांची भांडारं, बंद करतं. त्यात क्लाउड आर्काइव्हची ओळही बंद झाली. मग पॅकेजं आली ती जॅमीच्या स्वतःच्या भांडारातून, आणि तिथे ओपनस्टॅक म्हणजे योगा. बरं, ती ओळ पुन्हा सुरू करून वॉलाबी आणावं म्हटलं, तर जॅमीसाठी क्लाउड आर्काइव्ह सुरूच होतं झेडपासून, म्हणजे योगाच्या पुढच्या आवृत्तीपासून. जॅमीवर वॉलाबीची पॅकेजं नाहीतच. म्हणजे मागे फिरायला रस्ता नाही.

आता हीच गोष्ट उलट्या बाजूने बघा. उबुंटूचं प्रत्येक एलटीएस ओपनस्टॅकची एक आवृत्ती स्वतःबरोबर आणतं. त्यानंतरच्या काही आवृत्त्या त्याच एलटीएसला क्लाउड आर्काइव्हमधून मिळतात, आणि त्यातली शेवटची आवृत्ती पुढच्या एलटीएसची स्वतःची असते. १८.०४ बरोबर क्वीन्स आलं आणि ते उसुरीपर्यंत गेलं. २०.०४ उसुरीपासून योगापर्यंत. २२.०४ योगापासून कॅराकलपर्यंत, म्हणजे २०२४.१ पर्यंत. २४.०४ पुन्हा कॅराकलपासून. उसुरी, योगा, कॅराकल हे पूल आहेत. ओएस बदलायची ती पुलावर उभं राहूनच, कारण दोन्ही काठांवर ओपनस्टॅकची आवृत्ती तीच असते. वॉलाबीवरून आमचा रस्ता असा हवा होता: फोकलवर राहूनच झेना, मग योगा, मग एकेक नोड जॅमीवर, आणि सगळे नोड पोचल्यावरच झेड.

हे फक्त उबुंटूचं नाही. सेंटओएस या दुसऱ्या लिनक्सच्या ७ वरून ८ वर जाणाऱ्यांसाठी ओपनस्टॅकची ट्रेन ही आवृत्ती हाच पूल होता. उसुरीने पायथन २.७ सोडलं आणि ७ ची वाट तिथेच संपली.

"आता मधल्या आवृत्त्या गाळता येतात" असं कुणीतरी सांगेलच. येतात, पण २०२३.१ पासून पुढे, आणि वर्षातल्या पहिल्या रिलीजवरून पुढच्या वर्षीच्या पहिल्या रिलीजवरच. २०२३.१ वरून थेट २०२४.१ चालतं. वॉलाबी, झेनाच्या काळातल्या क्लस्टरला ही सवलत नाही. आणि पूल तरीही चुकत नाही: २०२४.१ वर थांबून २४.०४ वर जायचं, मगच २०२५.१.

क्रमाबद्दल थोडक्यात: आधी कंट्रोलर, मग कॉम्प्युट. कॉम्प्युट कंट्रोलरच्या मागे राहिलेला चालतो, पुढे गेलेला नाही. माझा नेमका पुढे गेला होता. सेफ, म्हणजे स्टोरेजचं वेगळं सॉफ्टवेअर, असेल तर त्याचा हिशेब वेगळा मांडा, त्यात एका वेळी जास्तीत जास्त दोन रिलीजची उडी घेता येते. आणि व्हीएम जुन्या क्यूईएमयूवरून (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) नव्यावर लाइव्ह मायग्रेट होते, म्हणजे चालू असतानाच हलते, पण नव्यावर सुरू झालेली व्हीएम नवा मशीन टाइप, म्हणजे तिला दाखवलेल्या आभासी हार्डवेअरचा प्रकार, घेऊन बसली, तर जुना होस्ट तिला ओळखतच नाही. "नाही जमलं तर व्हीएम परत आणू" यावर प्लॅन उभा करू नका.

माझं स्पष्ट मत: कॉम्प्युट नोडवर जागच्या जागी ओएस अपग्रेड करूच नये. नोड रिकामा करा, नव्याने इन्स्टॉल करा, परत जोडा. वेळ जास्त वाटतो, पण शेवटी तोच वाचतो. आणि सल्ला देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "तुम्ही हे कुठल्या आवृत्तीवरून कुठल्या आवृत्तीवर केलं होतं?" दोन आकडे पटकन सांगता आले नाहीत, तर तो सल्ला आदराने ऐका आणि बाजूला ठेवा.

हे वाचून पोटात गोळा आला असेल तर थांबा. पुलापासून दोन-तीन आवृत्त्या मागे असलात तरी बिघडलेलं काही नाही, फक्त पायऱ्या जास्त आहेत. प्रत्येक पायरीआधी नोव्हा-स्टेटस अपग्रेड चेक चालवा, त्या आवृत्तीच्या रिलीज नोट्समधला अपग्रेडचा भाग वाचा. आणि सर्व्हिसेस सुरू करण्याआधी अ‍ॅप्ट-कॅश पॉलिसी या कमांडला विचारा की नोव्हा-कॉम्प्युट कुठल्या भांडारातून, कुठल्या आकड्याचं येणार आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्या रात्री मी ते केलं नव्हतं.

तो नोड शेवटी फोकलवर नव्याने बसवला आणि वॉलाबीवर परत आणला. मग सगळा क्लस्टर झेनावर नेला, मग योगावर. जॅमीवर सगळ्यात आधी तोच नोड गेला. इन्स्टॉल संपल्यावर मी पहिल्यांदा पॅकेजची आवृत्ती पाहिली. नोव्हाचा आकडा आधी २५ होता, नंतरही २५.