ओमानसाठी घेतलेले अपोस्टिल दुबईत का चालले नाही

मस्कतची नोकरी सोडून दुबईत रुजू होताना नव्या कंपनीने पदवी प्रमाणपत्र साक्षांकित करून मागितले. प्रमाणपत्राच्या मागे ओमानच्या नोकरीसाठी भारतात घेतलेला अपोस्टिलचा (कागदपत्र परदेशात ग्राह्य धरले जावे यासाठीच्या प्रमाणीकरणाचा) स्टिकर होता. परंतु ओमान अपोस्टिलला मान्यता देणाऱ्या हेग कराराचा सदस्य असून संयुक्त अरब अमिराती नसल्याने तो तेथे ग्राह्य धरला जात नाही. म्हणून मूळ प्रमाणपत्र कुरियरने पुण्याला भावाकडे पाठवले (ते पोहोचेपर्यंत जीव टांगणीला!). राज्य शासनाचे साक्षांकन पूर्वीचेच चालले. दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचे साधे साक्षांकन मात्र नव्याने घेतले, मग अमिरातीच्या वाणिज्य दूतावासाचे आणि शेवटी दुबईत तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचे. प्रत्येक कार्यालय केवळ आधीच्या सहीशिक्क्याची खातरजमा करत असल्याने हा क्रम बदलता येत नाही. प्रमाणपत्राचे लॅमिनेशन मात्र करू नये. त्यावर शिक्का उमटत नाही.