हौद्यावरचं विजेचं शटर: पिकअपच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

ऑटोमोटिव्हचा डिप्लोमा करायला कॅनडात आलेल्या आपल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, गॅरेजमध्ये लागेल का काम?" लागतं, पण ऑन्टारिओत गाडीदुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. ३१०एस हा गाडीच्या मेकॅनिकचा परवाना हातात येईपर्यंत ॲप्रेंटिस म्हणून नोंदणी, कामाचे तास, वर्गातलं शिक्षण, परीक्षा अशी बरीच लांबची वाट आहे. त्या मानानं ॲक्सेसरी बसवणाऱ्या दुकानांत शिरकाव लवकर होतो. कुठल्या कामाला परवाना लागतो आणि कुठल्या नाही, हे मालकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्या. मी अशाच एका दुकानात पिकअपवर झाकणं बसवतो. त्यातलं भाव खाणारं काम म्हणजे विजेवर सरकणारं झाकण, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की भाजीचा बोलेरो पिकअप आणि वर दोरीनं आवळलेली ताडपत्री डोळ्यांसमोर येते. इथे पिकअप ही घरची गाडी. शाळेत मुलं सोडायला, हॉकीचं सामान न्यायला, शनिवारी लाकूड आणायला एकच गाडी. हौदा मागे उघडा, आणि वर चार महिने बर्फ. म्हणून झाकणं. सगळ्यांत स्वस्त गुंडाळायचं कापडी, मग घडीचं कडक, मग सरकणारं. सरकणाऱ्यात दुकानाच्या शटरसारख्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, फक्त आडव्या. केबिनच्या मागे हौद्यात एक डबा बसतो, त्यात पट्ट्या गुंडाळल्या जातात, आणि दोन्ही बाजूंच्या रेलमधून त्या फाळक्यापर्यंत, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेपर्यंत, येतात. डब्यात मोटर घातली आणि हातात रिमोट दिला की तेच विजेचं झालं. किंमत बऱ्याचदा दोन हजार डॉलरच्या पुढे जाते, त्यामुळे गिऱ्हाईक प्रत्येक फट वाकून बघतं.

नवीन पोरांचं सगळं लक्ष मोटरकडे असतं. मोटर कारखान्यातून बसून आलेली असते, तिला तुम्ही हातही लावत नाही. तुमचं काम तीन गोष्टींचं: गुण्या (म्हणजे सगळं काटकोनात बसवणं), पाणी आणि वायर. शटर अडकतंय अशी तक्रार घेऊन आलेल्या गाड्या मी जितक्या उघडल्या, त्यांत मोटर जळालेली क्वचितच सापडली.

खोका फोडण्याआधी मोजायची टेप हातात घ्या. फोर्डच्या एफ-१५० चा हौदा साडेपाच, साडेसहा आणि आठ फूट अशा तीन लांबींत येतो, आणि गिऱ्हाइकाला आपला कुठला हे नेमकं माहीत असतंच असं नाही. फाळका बंद करून आतून मोजा. रॅम गाडीला बाजूंना कुलपाचे कप्पे असतील तर तिचं झाकण वेगळं. टोयोटा टॅकोमाचा हौदा पत्र्याचा नसून फायबर-प्लास्टिकचा, त्यात कारखान्याचे रेल आधीच बसवलेले, म्हणून तिचे क्लॅम्प, म्हणजे झाकणाचे रेल हौद्याला पकडून ठेवणारे चिमटे, वेगळे. प्लास्टिकचं अस्तर काठावरून बाहेर आलेलं असेल तर ते कापावं लागतं, आणि कापण्याआधी गिऱ्हाइकाची सही घ्यायची. डबा हौद्याची पुढची फूटभर जागा खातो हेही तेव्हाच सांगून टाका. कुणाची अवजारपेटी तिथेच बसवलेली असते, मग सगळा बेतच बदलतो.

आता गुण्या. हौदा चौकोनी दिसतो, पण तो पत्रा आहे. वापरून वापरून त्याच्या भिंती पसरतात, कधी एका बाजूनं ठोकर खाल्लेली असते. डबा पुढच्या भिंतीला टेकवून ठेवा, दोन्ही रेल काठावर ठेवा आणि क्लॅम्प फक्त हातानं आवळा. पाना अजून खिशातच. मग दोन रेलमधलं अंतर डब्याजवळ, मधे आणि फाळक्याजवळ मोजा. त्यानंतर कर्ण: डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्यापर्यंत, आणि उलट. दोन कर्णांत पाव इंच फरक दिसला तर मी पुढे जात नाही, डबा थोडा सरकवून पुन्हा मोजतो. आवळताना एका बाजूचे सगळे क्लॅम्प एकदम आवळू नका. डावा, उजवा, डावा, उजवा असं मागे सरकत जा, आणि प्रत्येक जोडीनंतर टेपनं मोजा. क्लॅम्प आवळताना भिंत आत ओढली जाते. मोजल्याशिवाय ती ओढ लक्षात येत नाही, आणि आली तेव्हा शटर मधेच घासायला लागलेलं असतं.

घासणं डोळ्यांआधी कानाला कळतं. रिकाम्या हौद्याशी उभं राहून शटर एकदा पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा. नीट बसलेल्या शटरचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो. एका ठिकाणी तो जड झाला, मोटर कण्हल्यासारखी वाटली, की त्याच जागेचा क्लॅम्प सैल करून बघा. फाळक्याकडच्या रबरासाठी कागदाची पट्टी अडकवून ओढून बघावी. सगळीकडे सारखी घट्ट हवी. एका कोपऱ्यात अलगद सुटली तर तिथूनच पाणी येणार.

एफ-१५० चं अंग २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचं आहे. तिथे टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना) लावल्याशिवाय क्लॅम्प आवळू नका. पत्र्यावर खड्डा पडला तर तो दुकानाच्या खिशातून जातो. लोखंडी क्लॅम्प आणि ॲल्युमिनियम यांच्यामधे किटात आलेलं रबर किंवा प्लास्टिक घालायचंच. दोन धातू, मधे मिठाचं पाणी, आणि इथल्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठच असतं. ॲल्युमिनियम पांढरं पडून पोखरायला लागतं.

पाण्याबद्दल आधी खरं बोला: कुठलंही सरकणारं झाकण पाणी शंभर टक्के अडवत नाही. ते पाणी रेलमधून डब्याकडे नेतं आणि नळ्यांवाटे हौद्याखाली सोडतं. म्हणून नळ्या महत्त्वाच्या. काही गाड्यांत कारखान्याचं बूच काढून नळी घालता येते, काहींत पुढच्या कोपऱ्यात भोक पाडावं लागतं. भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन बघा: तिथे ब्रेकची नळी, इंधनाची टाकी किंवा वायरिंग आहे का. भोकाची धार कानशीनं मारा, प्राइमर आणि रंग लावा, मगच भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट, म्हणजे रिंग. बुरा ब्लोअरनं न उडवता गोळा करून काढा, कारण उरलेल्या कणांचे तांबडे डाग पुढच्या पावसात दिसतात. नळी खालपर्यंत उतरती हवी. मधे झोका राहिला तर त्यात पाणी साचतं, जानेवारीत गोठतं आणि सगळं पाणी उलटं हौद्यात. गाडी देण्याआधी डब्यावर बादलीभर पाणी ओतून दोन्ही नळ्यांमधून धार पडते का बघा.

वायरिंगमध्ये आयटीआयवाले आणि ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केलेले लोक इथे पुढे जातात. बॅटरी पुढे, मोटर मागे, मधे साधारण वीस फूट वायर. १६ गेजच्या तांब्याच्या वायरचा रोध फुटाला सुमारे ४ मिलिओहम. वीस फुटांत ०.०८ ओहम. मोटरनं १५ अँपिअर ओढले तर वाटेतच १.२ व्होल्ट गेले. तीच वायर १२ गेजची, म्हणजे जाड, घेतली तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास. उणे वीस अंशांत बॅटरी आधीच दमलेली असते, त्यात वायर बारीक असली की शटर अर्ध्यावर थांबतं आणि लोक मोटरला शिव्या देतात. किटातली वायर कापून, मधे घरातली पातळ वायर जोडून लांबवू नका.

फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ. मधल्या वाटेत वायर कुठे घासली गेली तर फ्यूजच्या आधीच्या तुकड्याला कुणी वाली नसतो. वायर चासीच्या कडेनं, पन्हळी नळीत घालून, सायलेन्सर आणि ड्राइव्हशाफ्टपासून लांब न्यायची. अर्थिंग थेट बॅटरीच्या उणे टर्मिनलवर लावण्याचा मोह टाळा. आजच्या बऱ्याच गाड्यांत तिथे करंट मोजणारा सेन्सर असतो. तुमचा भार त्याला चकवून गेला की बॅटरीचा हिशोब चुकतो. चासीवरची कारखान्याची अर्थिंगची जागा शोधा, रंग खरवडा, घट्ट लावा. जोड क्रिम्प करून (पकडीनं दाबून) वर गोंदाची हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. टोचून बसवायचे निळे-लाल कनेक्टर हौद्याखाली एक हिवाळा धड काढत नाहीत. हायब्रिड किंवा विजेची पिकअप असेल तर नारिंगी वायरच्या आसपास हात नको. ते उच्च दाबाचं काम, त्याचं प्रशिक्षण वेगळं.

सगळं जोडल्यावर गाडी बंद करून, दारं लावून, अर्धा तास सोडून द्या. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. मग क्लॅम्प मीटरनं (वायरभोवती धरायच्या मीटरनं) करंट बघा. एकूण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर रिमोटचा रिसीव्हर जागा राहतोय का, ते तपासा. नाहीतर गिऱ्हाईक सोमवारी फोन करतं, "गाडी सुरू होत नाही."

बहुतेक किटांत उघड-बंदची टोकं कंट्रोलरला शिकवावी लागतात. क्रम किटागणिक बदलतो, तेव्हा पुस्तिका समोर ठेवा, यूट्यूब नंतर. अडथळा आल्यावर शटर थांबतं का, हे गुंडाळलेल्या टॉवेलनं तपासा, बोटानं नाही. आणि वीज गेली तर शटर हातानं कसं सोडायचं, हे गिऱ्हाइकाला करून दाखवा.

गिऱ्हाइकाला सांगायची आणखी एक गोष्ट: बर्फ साचला असेल तर आधी ब्रशनं झाडा, मगच बटण दाबा. पट्ट्या गोठून एकमेकींना चिकटल्या असतील तर मोटर दोनतीनदा जोर करून स्वतःच थांबते. पुन्हा पुन्हा बटण दाबल्यानं बर्फ वितळत नाही. रेलमधली माती पाण्यानं धुवावी. तेल-ग्रीस मात्र पुस्तिकेत असेल तरच, एरवी त्यात रेती चिकटून सँडपेपर तयार होतो.

पगाराबद्दल विचारतात म्हणून: बऱ्याच दुकानांत कामागणिक ठरलेले तास मिळतात. सरावलेला माणूस हे काम अर्ध्या दिवसात उरकतो, नवख्याचा सगळा दिवस जातो, पैसे मात्र तेवढेच. तरी पहिल्या काही गाड्यांवर घाई करू नका. परत आलेल्या गाडीचे तास बहुतेक ठिकाणी कुणीच देत नाही. पहिल्या पगारातून टॉर्क पाना, चांगला क्रिम्पर आणि मिलिअँपिअर दाखवणारा डीसी क्लॅम्प मीटर घ्या. बाकीची अवजारं पहिले काही महिने दुकानातली चालतात.