मेल सर्व्हरचा बॅकअप: आधी चालू मेल, मग जुने मेल

ज्या इमारतीत सर्व्हर, त्याच इमारतीत बॅकअपची डिस्क, ही व्यवस्था निदान सांगलीत तरी पुरेशी मानू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले होते, आणि आज हळदीच्या व्यापाऱ्याचे दर, सौदे, बिले सारे काही मेलमध्येच असते. म्हणून मेलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक पूररेषेबाहेर, शक्यतो जिल्ह्याबाहेर किंवा क्लाउडवर असावी. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप पूर्ण होताच तिची केबल काढून ठेवावी, कारण रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर) जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही.

मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज हा मेल सर्व्हर चालू असताना डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करून भागत नाही. एक्स्चेंज ओळखणारे, व्हीएसएसवर (चालू फाइलींची त्या क्षणाची प्रत घेणाऱ्या विंडोजच्या सोयीवर) चालणारे बॅकअप सॉफ्टवेअरच वापरावे. पूर्ण बॅकअप यशस्वी झाला की जुने लॉग (डेटाबेसमधील बदलांच्या नोंदींच्या फाइली) आपोआप काढले जातात, त्यामुळे लॉगचा ड्राइव्ह भरत चालला असेल तर बॅकअप होतो आहे ना, हे आधी पाहावे. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही मुक्त मेल सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मेलच्या फोल्डरबरोबर सेटिंगच्या फाइली, वापरकर्त्यांची यादी, जोडणी सुरक्षित करणारे एसएसएल प्रमाणपत्र आणि डीकेआयएमची (जाणाऱ्या मेलवरील डिजिटल सहीची) किल्लीही घ्यावी. हेच नेमके राहून जाते.

सर्व्हर कोसळल्यास घाबरून चुकीची पावले टाकू नयेत. समोरचा सर्व्हर न पोहोचलेला मेल साधारणतः एक ते पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. आधी नव्या यंत्रावर सेटिंग चढवून रिकाम्या मेलबॉक्स सुरू कराव्यात, म्हणजे नवा पत्रव्यवहार लगेच चालू होतो. जुने मेल मागाहून, एक्स्चेंजमध्ये रिकव्हरी डेटाबेसमधून (बॅकअप ज्यात उतरवतात त्या वेगळ्या डेटाबेसमधून), सावकाश त्यांत मिसळावेत. एखाद्याने चुकून मेल काढून टाकला असेल, तर बॅकअपला हात लावण्याची गरज नसते. मूळ सेटिंगनुसार एक्स्चेंज तो १४ दिवस राखून ठेवते.

दर तिमाहीला एक मेलबॉक्स वेगळ्या यंत्रावर परत आणून पाहावी. जुन्या मेलला जोडलेले बिल प्रत्यक्ष उघडावे, आकडे वाचता येतात का ते तपासावे आणि किती वेळ लागला त्याची नोंद ठेवावी. डोमेनच्या खात्याची माहिती आणि बॅकअपचा पासवर्ड कागदावर लिहून, बंद पाकिटात, मालकाच्या घरी ठेवावा. तो केवळ मेलमध्ये असेल तर ऐन वेळी हाती लागणार नाही.