चालण्याचा व्यायाम सुरू कसा करावा आणि टिकवावा कसा

चालायचं ठरवलेली बहुतेक माणसं पहिल्याच दिवशी तासभर चालून येतात. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात आणि आठवड्याअखेर बूट कपाटात जातात. पहिल्या खेपेला माझंही असंच झालं. नडग्या इतक्या ठणकल्या की जिना उतरताना कठडा सोडवेना. पुन्हा सुरुवात केली ती दहा मिनिटांनी, आणि तीच टिकली. म्हणून कळकळीने सांगते, पहिले दोन आठवडे अंतराचा विचारच करू नका. फक्त वेळ पाळा.

पहिली पायरी: चालणं जेवणाला बांधा

‘वेळ मिळाला की चालेन’ म्हटलं की तो मिळत नाही. रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला चालणं जोडून टाका. माझी पसंती रात्रीच्या जेवणाला. जेवल्यावर तास-दीड तासात रक्तातली साखर चढते. नेमक्या त्याच वेळी मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू कामाला लागले तर ते ही साखर इंधन म्हणून ओढून घेतात, आणि काम करणाऱ्या स्नायूला त्यासाठी इन्सुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना ही दहा-पंधरा मिनिटं फार मोलाची आहेत. जेवणानंतर रमतगमतच चाला, भरभर नको. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या सुरू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण काही औषधांवर साखर एकदम उतरू शकते.

दुसरी पायरी: बूट

अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच आत सरकायला नको. जुने बूट उलटे करून बघा. तळ एकाच बाजूने झिजला असेल तर ते चालण्यासाठी वापरू नका.

तिसरी पायरी: पाऊल नीट पडू द्या

एकदा अनवाणी, अगदी सावकाश चालून पाहा. आधी टाच टेकते, मग तळवा, आणि शेवटी अंगठा जमिनीला मागे रेटतो. त्या शेवटच्या रेट्यात पोटरी घट्ट आवळली जाते. हात लावलात तर जाणवेल. तिथल्या शिरा दाबल्या जातात आणि पायात उतरलेलं रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. पोटरीला ‘दुसरं हृदय’ म्हणतात ते यामुळेच. दिवसभर बसून संध्याकाळी पाय जड होतात, कारण हा पंपच बंद पडलेला असतो.

नजर समोर, खांदे सैल, कोपरं किंचित वाकवलेली. वेग वाढवायचा तर लांब ढांगा टाकू नका, पावलं जवळजवळ आणि भराभर टाका. नडग्या वाचतात.

गुडघे झिजतील या भीतीने अनेक जण चालणंच सोडतात. पण गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टाकताना ती दाबली जाते, उचलताना सुटते, आणि या दाबण्या-सुटण्यातूनच सांध्यातल्या द्रवातलं पोषण तिला मिळतं. सूज किंवा दुखणं असेल तर मात्र आधी दाखवून घ्या.

चौथी पायरी: वेग

दोन आठवड्यांनी दिवसातून एक वेगळी फेरी सुरू करा, ही जरा झपझप. परीक्षा सोपी आहे: सोबतच्या माणसाशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मोजायचंच असेल तर १५ सेकंदांत २५ पावलं, म्हणजे मिनिटाला १००. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं हळू चाला.

छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर तिथेच थांबा. थांबल्यावरही छातीतला दाब गेला नाही तर लगेच वैद्यकीय मदत घ्या.

पाचवी पायरी: किती वाढवायचं?

दर आठवड्याला पाच मिनिटं, तेवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे निदान अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. तो सलगच हवा असं नाही.

दहा हजार पावलांचं ओझं तर उतरवूनच ठेवा. तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, कुठल्या वैद्यकीय संशोधनातून नाही. वयस्कर स्त्रियांवर झालेल्या २०१९च्या एका मोठ्या अभ्यासात, दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोकाही २,७०० चालणाऱ्यांपेक्षा कमी दिसला, आणि ७,५००च्या पुढे फायदा जवळपास स्थिरावला.

रोजच्या हालचालीत किती ताकद असते हे ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३मध्येच दाखवलं होतं. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना, बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होत होता. ती माणसं व्यायामाला गेलेली नव्हती, नोकरीला गेली होती.

सहावी पायरी: खाडा पडला तर

एक दिवस चुकला तर चुकला, सलग दोन दिवस चुकवू नका. बाहेर पडणं शक्य नसेल तर घरातल्या घरात येरझाऱ्या घाला. कॅलेंडरवर रोजची मिनिटं लिहा. वजन मात्र पहिला महिना लिहू नका; अर्ध्या तासाच्या चालण्याने काटा लगेच हलत नाही आणि मन खट्टू होतं. त्याऐवजी नेहमीचा एखादा जिना ठरवा. आज तो चढल्यावर श्वास पूर्ववत व्हायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा, आणि सहा आठवड्यांनी तोच जिना चढून पुन्हा मोजा.