व्यक्ती की समाज? निबंधाला बसण्याआधी नागपूरकडे बघा

‘व्यक्तीचा पुढाकार आणि समाजहित’ अशा धर्तीचा विषय दिसला की नवीन मुलं एकच निबंध लिहितात. अभ्यासिकेत मी ज्युनिअर्सचे निबंध तपासते, त्यामुळे तो मला तोंडपाठ झालाय. पहिल्या पानावर स्वातंत्र्य महत्त्वाचं, दुसऱ्यावर समाज महत्त्वाचा, शेवटी सुवर्णमध्य. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि निबंधाचा पेपर 250 गुणांचा आहे. गठ्ठ्यातला कितवा तरी सुवर्णमध्य वाचताना परीक्षकाचं काय होत असेल, कल्पना करा.

तत्त्वापासून सुरुवात करू नका. ही दोन टोकं खरोखर भिडली असा एखादा निर्णय धरा आणि त्यात कोणाला काय सोडावं लागलं ते शोधा. नागपूरच्या मुलाला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही.

जानेवारी 1959 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथेच भरलं होतं. त्यात ठराव झाला की पुढची शेती सहकारी आणि संयुक्त असावी. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहील, पण कसायची सगळ्यांनी मिळून. उत्पन्नाचा वाटा जमिनीच्या प्रमाणात, आणि राबणाऱ्याला, तो भूमिहीन असला तरी, कामाच्या प्रमाणात. सोबत कमाल जमीनधारणेचे कायदे. नेहरूंचा या कल्पनेवर भरवसा होता. अधिवेशनातच चौधरी चरणसिंगांनी विरोध केला. आपल्या तुकड्यावर शेतकरी जसा राबतो तसा सामाईक शेतावर राबणार नाही, हा त्यांचा मुद्दा. त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. त्यामागे या ठरावाचा मोठा हात होता. 1967 ला तो पक्ष 44 जागा घेऊन लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला.

संयुक्त शेती काही रुजली नाही. पण इथे थांबून ‘सहकार फसला’ असं लिहू नका, कारण पश्चिम महाराष्ट्रातले साखर कारखाने सहकारातूनच उभे राहिले. तिथे ऊस ज्याचा त्याच्या शेतात आणि कारखाना सगळ्यांचा. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे: कुठली गोष्ट आपापली राहू द्यायची आणि कुठली एकत्र करायची? निबंधाचा कणा इथे सापडतो.

बाबासाहेबांचा संदर्भ सगळेच देतात, पण अर्धा. संविधान सभेतल्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात ते म्हणाले की स्वातंत्र्याशिवाय समता व्यक्तीचा पुढाकारच मारून टाकते, आणि समतेशिवाय स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांची सत्ता. हे वाक्य सगळ्यांच्या वहीत असतं. मात्र 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात याच बाबासाहेबांनी शेती राज्याच्या मालकीची करण्याची मागणी केली होती. दोन्ही शेजारी ठेवा आणि त्यावर स्वतः विचार करा.

संविधानातली कलमं थोडक्यात उरका: व्यवसायाचं स्वातंत्र्य 19(1)(छ) आणि त्यावरचं बंधन 19(6), साधनसंपत्तीचं समाजहितासाठी वाटप 39(ख), मालमत्तेचा हक्क 300क. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाचा 5 नोव्हेंबर 2024 चा निकाल मात्र नीट वाचा. प्रत्येक खाजगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असं बहुमताने म्हटलं. तो वाद मुंबईच्या जुन्या इमारतींवरून सुरू झाला होता.

पुस्तकाबाहेरचं उदाहरण चालतं का, असं मुलं विचारतात. चार ओळींचं असेल तर चालतं. आमच्या अभ्यासिकेतलाच मे महिन्यातला कूलर घ्या. हवा सगळ्यांना हवी, बादलीने पाणी टाकायला कोणी उठत नाही. एका मुलाने कंटाळून स्वतःच्या पैशाने पाइप आणि फ्लोट बसवला, टाकी आपोआप भरायला लागली. मग कूलरसमोरच्या खुर्चीवर त्याची बॅग कायमची. “पाइप माझा आहे ना भाऊ, मग जागा पण माझीच!” दोन दिवस भांडणं झाली. शेवटी वर्गणी काढून त्याचे पैसे परत केले आणि ती खुर्ची पाळीने द्यायचं ठरलं. न्याय झाला असं आम्हाला वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात मोटर जळली, तेव्हा तो पोरगा वर न बघता वाचत बसला. त्याचं तरी काय चुकलं?

याच प्रश्नाचं मोठं रूप विदर्भात पाहायचं असेल तर कापूस एकाधिकार खरेदी योजना अभ्यासा. 1972 पासून शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी योजनेत, पणन महासंघालाच (फेडरेशनला) विकायचा, असा नियम होता. व्यापाऱ्याच्या लुटीपासून संरक्षण हा हेतू, आणि भाव पडलेल्या वर्षी त्याचा आधारही झाला. बाहेर भाव चढला की मात्र हाच कापूस रातोरात मध्य प्रदेशात जायचा. मला स्वतःला हमीभावाने खरेदी पटते, दुसऱ्याला विकायची बंदी पटत नाही. तुमचं मत उलट असू शकतं, फक्त ते कोणत्या बाजूचं आहे हे पहिल्या पानावरच कळू द्या.

तयारीसाठी एक काम करा. त्या काळात कापूस विकलेलं कोणी घरात किंवा गावात असेल तर विचारा: कापसाची बंडी (बैलगाडी) खरेदी केंद्रावर किती वेळ उभी राहायची, चुकारे (पैसे) कधी मिळायचे, आणि व्यापारी बरा होता की फेडरेशन? एकाच घरातून दोन उत्तरं आली तर दोन्ही लिहून घ्या.