जुन्या बुलेटचा रॉकर ऑइल पाईप कसा बदलायचा

लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट असेल, तर इंजिनाच्या उजव्या अंगाने वर चढणारा बारीक पाईप पाहिला असेलच. त्याचं एक तोंड खाली टायमिंग कव्हरपाशी आणि दोन वर हेडवर, दोन्ही रॉकरना, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यांना, ऑइल द्यायला. बहुतेक लोक तो गळायला लागला की बदलतात. गळती निदान डोळ्यांना दिसते. खरी भीती पाईप आतून चोंदण्याची, कारण ते बाहेरून कळतच नाही.

या इंजिनात ऑइलचे दोन पंप असतात. एक बिग-एंडकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगकडे, ऑइल ढकलतो, दुसरा खाली साचलेलं ऑइल उपसून परत ऑइलच्या टाकीत सोडतो. रॉकरला मिळतं ते या परतीच्या ऑइलमधलं, तेही अगदी कमी दाबाने. त्यामुळे पाईप चोंदला तरी बिग-एंडला ऑइल पोचत राहतं, गाडी छान चालते आणि वर रॉकर मात्र कोरडे झिजत असतात. टॅपेट (झडपांची फट) नीट सेट करूनही टकटक पुन्हा पुन्हा येत असेल, तर आधी या पाईपवर संशय घ्या.

पाईप कधी बदलायचा? रबरी असेल तर बोटांत वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या, रबर कडक झालं असेल किंवा टोकाशी फुगलं असेल, तर विचार करत बसू नका. धातूचा असेल तर तो बहुधा बँजोच्या, म्हणजे पोकळ बोल्टने आवळायच्या टोकाच्या कड्याच्या, जोडापाशी तडकतो. एकाच सिलिंडरचं इंजिन, हादरे चुकत नाहीत. असा तडा साध्या कथलाने डागू नका. हेडच्या उष्णतेत ते टिकत नाही. ब्रेझिंग (पितळेचा डाग) करा किंवा सरळ नवा घ्या. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जुने बँजो बोल्ट हाती लागतात. ते खुशाल घ्या, पण रबर जुनं घेऊ नका. आणि पारदर्शक प्लॅस्टिकची नळी तर नकोच. गरम झाली की ती मऊ पडते आणि थंड झाली की काचेसारखी कडक होते.

इंजिन थंड असताना काम सुरू करा. पेट्रोलची टाकी उतरवली तर हात मोकळा चालतो. बँजोभोवतीची धूळ-चिखल ब्रशने आणि रॉकेलने आधी साफ करा, नाहीतर बोल्ट निघाल्याबरोबर ती घाण भोकात जाते. खाली ट्रे ठेवा. बोल्टला नीट बसणारा रिंग पाना वापरा. पकडीने बोल्टचं डोकं गोल झालं की पुढचं सगळं काम लांबतं. पाईप निघाला की तिन्ही भोकांत स्वच्छ फडक्याचे बोळे घाला. किती घातले ते मोजून ठेवा.

आता बँजो बोल्ट. ते आतून पोकळ असतात आणि त्यांच्या आडव्या भोकांत काळा गाळ बसतो. बारीक तार फिरवा, रॉकेलने धुवा, हवा मारा, उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा. नव्या पाईपमध्येही हवा मारून घ्या. नवा आहे म्हणून स्वच्छ असेलच असं नाही.

वॉशर प्रत्येक बँजोला दोन, म्हणजे एकूण सहा. शक्यतो सगळे नवे घ्या. जुने तांब्याचेच वापरायचे असतील, तर ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका आणि वरची काळी पापडी बारीक पॉलिश पेपरने काढा. दाबून कडक झालेलं तांबं पुन्हा मऊ होतं. हा प्रयोग ॲल्युमिनियमच्या वॉशरवर करू नका. ते लाल होण्याची वाट बघता बघता वितळून जाईल. टेफ्लॉन टेप आणि सिलिकॉन इथे लावूच नका. त्यांचा एखादा तुकडा सुटला की नेमका ज्या वाटेने ऑइल जायचं तिथे जाऊन बसतो. गळती थांबवायला गेलेले लोक रॉकर असे उपाशी मारतात.

नवा पाईप लावताना तिन्ही बोल्ट आधी बोटांनीच फिरवा. आटे सहज धरले नाहीत तर पाना लावू नका. जुन्या बुलेटवर इंग्लिश आटे आहेत आणि बाजारात मिळणारा प्रत्येक बोल्ट त्यांना जुळत नाही. तिन्ही बसले, पाईपला कुठे ताण किंवा पीळ नाही, तो सायलेन्सरच्या पाईपला टेकत नाही, हे बघा आणि मगच एकेक आवळा. हेड ॲल्युमिनियमचं आहे. ऑइलला दाबही जेमतेम, त्यामुळे वॉशर दबेल इतकंच पुरे. जोर काढलात तर आटे जातील.

चालू करण्याआधी टॅपेट कव्हर काढून रॉकरवर थोडं ऑइल सोडा, म्हणजे पहिले काही क्षण ते कोरडे राहणार नाहीत. कव्हर लावा आणि ऑइलची पातळी बघा. मग प्लग काढून काही किका मारा, प्लग परत लावा आणि गाडी मंद चालवत ठेवा. आता वरचा एक बोल्ट अर्धा आटा सैल करा. ऑइल धक्क्याधक्क्याने झिरपायला हवं. तो घट्ट करून दुसराही तसाच तपासा. अर्ध्या मिनिटात काही आलं नाही तर इंजिन बंद करा. पाईपचं खालचं भोक, बोल्ट आणि शेवटी पंप या क्रमाने शोध घ्या. रेस देऊन ऑइल चढवण्याचा प्रयत्न नको.

सगळं पुसून कोरडं करा, जोडांवर थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि पाच-दहा किलोमीटर फिरून या. जिथे पावडर ओली दिसेल तो बोल्ट, इंजिन थंड झाल्यावर, अगदी किंचित आवळा. तरीही ओल दिसली तर आणखी जोर लावू नका, वॉशर बदला.