टीपीएस मल्टिमीटरने तपासताना या चुका टाळा

गाडी झटके देते, रेस सोडली की बंद पडते, चेक इंजिनचा दिवा लागतो. कोणीतरी म्हणतं, "टीपीएस गेलाय." टीपीएस म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर: थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडली ते सांगणारा. मग मीटर निघतो, घाईघाईत दोन आकडे बघितले जातात आणि लगेच नवा सेन्सर मागवला जातो. असे काढून टाकलेले कितीतरी सेन्सर धडधाकट असतात. दोष तारेत असतो, कप्लरमध्ये (तारा सेन्सरला जोडणाऱ्या प्लगमध्ये) असतो किंवा थेट तपासणाऱ्याने स्वतःच करून ठेवलेला असतो.

इथे बोलतोय ते केबलवर चालणाऱ्या थ्रॉटलबद्दल, म्हणजे जुनी अल्टो, वॅगन-आर, सँट्रो या पिढीच्या पेट्रोल गाड्या. यांचा टीपीएस म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसा पोटेन्शिओमीटर, फक्त थ्रॉटलच्या दांड्यावर बसवलेला. तारा तीन: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. किल्ली ऑन, इंजिन बंद, कप्लर जागेवर, मीटर २० व्होल्ट डीसीवर. थ्रॉटल बंद असताना सिग्नल ०.५ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.५. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरायचा.

फक्त दोन टोकं बघणं

सगळ्यात जास्त केली जाणारी चूक हीच. बंद थ्रॉटलला ०.५२, पूर्ण उघडा ४.३०, "सेन्सर ओके." पण गाडी काय दिवसभर या दोन टोकांवर चालते? शहरातल्या ट्रॅफिकमध्ये पाय कायम पहिल्या पाव भागात खेळत असतो. आतली कार्बनची पट्टी तिथेच झिजते. नेमक्या त्या जागेवरून सरकपट्टी गेली की सिग्नल क्षणभर तुटतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं पाय उचलला, आणि गाडी हिसका देते.

हा तुटलेला क्षण साध्या डिजिटल मीटरवर दिसेलच असं नाही. तो सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात सिग्नल पडून परत आला, तर मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून थ्रॉटल झटक्यात उघडून "आकडा वाढतोय ना, मग झालं" म्हणणं निरर्थक आहे. बंद ते पूर्ण उघडा या प्रवासाला पंधरा सेकंद तरी द्या. पहिला पाव भाग तर तीन-चार वेळा पुढे-मागे करा. ०.५२, ०.६१, ०.७४, ०.९० असं चढता चढता मध्येच ०.३१ दिसलं आणि पुढे १.०५ झालं, तर चोर सापडला. चढताना आकडा एकदाही मागे यायला नको.

काट्याचा जुना मीटर मिळाला तर या कामाला तोच घ्या. काटा फडफडला की डोळ्याला लगेच कळतं. डिजिटलच असेल तर मिन-मॅक्स (सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा धरून ठेवणारी सोय) वापरा किंवा आकड्यांखाली धावणारी पट्टी बघा, ती आकड्यापेक्षा जलद हलते. सेन्सर थंड असताना एकदा आणि हेअर ड्रायरने कोमट करून एकदा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करत. पाच मिनिटं जातात. ज्याला पाच मिनिटं नाहीत, त्याने मीटर लावूच नये.

कप्लरमध्ये प्रोब कोंबणं

एका पेट्रोल हॅचबॅकची हकिगत. मूळ तक्रार साधी: आयडलिंग खाली जायचं. कारण थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन, साफ करून काम झालं असतं. पण त्याआधी टीपीएस तपासला गेला, तोही कप्लर काढून, तोंडातून थेट प्रोब कोंबून. मीटरच्या प्रोबचं टोक साधारण २ मिलिमीटर जाड, आणि आतली पकड त्याहून बारीक पिनसाठी घडवलेली. पकड फाकली. मीटरवर ५ व्होल्ट स्वच्छ दिसले, सगळे खूश.

तीन आठवड्यांनी स्पीडब्रेकरवर झटका बसायला लागला. स्कॅनरवर पी०१२२, म्हणजे सिग्नल कमी. सेन्सर बदलला. चार दिवस ठीक, कारण कप्लर काढून घातल्याने पिन थोडी घट्ट बसली होती. पाचव्या दिवशी तेच. दुसऱ्या कंपनीचा सेन्सर आला, पुन्हा तोच खेळ. शेवटी त्याच जाडीची सुटी पिन घेऊन एकेका पकडीत घालून ओढून पाहिली. दोन पकडींनी पिन धरून ठेवली, ५ व्होल्टच्या पकडीतून ती आपोआप घसरून बाहेर आली. टर्मिनल नवं टाकलं, मिटलं. दोन सेन्सरचे पैसे फुकट गेले.

त्यामुळे कप्लर जोडलेलाच ठेवून, त्याच्या मागच्या बाजूने, तारेच्या कडेने रबरी सीलमधून बारीक टाचणी किंवा सुई आत सरकवायची आणि प्रोब तिला लावायचा. दोन टाचण्या एकमेकींना टेकू देऊ नका. ५ व्होल्टची ती ओळ बऱ्याच गाड्यांत मॅप सेन्सरलाही (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) जाते, ती शॉर्ट झाली की चालू गाडीही बंद पडते.

वायरचं आवरण टोचून रीडिंग घेणारेही कमी नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं, आणि कोकणातल्या दमट हवेत तर पावसाचीही वाट बघावी लागत नाही.

अर्थ न तपासणं

काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सिग्नल मोजला आणि ०.५ ऐवजी ०.८ आला, तर सेन्सरला शिव्या देण्याआधी लाल प्रोब सेन्सरच्या अर्थच्या तारेवर ठेवा. काळा बॅटरीच्या निगेटिव्हवरच. ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थमध्ये. सेन्सरमधून करंट जेमतेम १ मिलिअँपिअरच्या घरातला, त्यामुळे ०.१ व्होल्ट चढायला वाटेत शंभरेक ओहम लागतात. इतका अडथळा म्हणजे पिनवर चांगलाच गंज आहे.

थ्रॉटल कसाही फिरवा, सिग्नल ५ वरच चिकटलेला असेल तर बहुधा अर्थ तुटला आहे. शून्यावर चिकटला तर ५ व्होल्ट येतात का ते बघा. सेन्सरपाशी सगळं बरोबर आणि स्कॅनरवर मात्र चुकीचं दिसत असेल, तर सिग्नलची तार ईसीयूच्या कप्लरपर्यंत माग काढत जा.

आणखी काही, थोडक्यात

कप्लर जोडलेला ठेवून ओहम मोजू नका, ईसीयूच्या आतलं सर्किटही त्यात मोजलं जातं.

लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिलेला नाही ना, ते आधी बघा. तिथे असेल तर तुम्ही मोजत नाही, शॉर्ट करताय.

बल्बचा टेस्टर या तारांना लावायचा नाही. कधीच नाही.

मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की स्वस्त मीटर आकडा फुगवून दाखवतात.

पूर्ण उघडा थ्रॉटल हाताने नाही, पेडल दाबून तपासा. केबल सैल असेल किंवा मॅट अडत असेल, तर हाताने ४.३ येतात आणि पायाने ३.६.

थ्रॉटलच्या टेकूचा स्क्रू फिरवून ०.५ "जुळवू" नका. कंपनीने तो हवेच्या मापाने लावलेला असतो. सेन्सरची भोकं लांबट असतील तर स्क्रू सैल करण्याआधी मार्करने जुनी जागा आखून घ्या आणि मीटर लावूनच घट्ट करा, कारण घट्ट करताना तो हमखास सरकतो.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. तिथे कप्लरला सहसा सहा पिना असतात: दोन मोटरच्या, ५ व्होल्ट, अर्थ आणि दोन सिग्नल. काही गाड्यांत एक सिग्नल वाढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि बेरीज ५ च्या आसपास राहते, काहींत दोन्ही वेगवेगळ्या चालीने वाढतात. आत हॉल सेन्सर (पट्टीऐवजी चुंबकावर चालणारा) असेल तर ओहम मोजून काहीच कळत नाही. आणि किल्ली ऑन असताना झडपेत बोट घालायचं नाही. मोटर ती कधीही फिरवते, बोट चेमटतं, आणि जोर लावून धरली तर आतले प्लॅस्टिकचे दाते जातात. पेडल दाबायला एक माणूस आत बसवा.